जखमेचा वण का राहतो?

तुमच्या गुडघ्यावर किंवा कोपरावर जुन्या जखमेचा एखादा वण असेलच. भिंग घेऊन तो नीट पाहा. शेजारच्या कातडीवर बारीक लव दिसते. वणावर ती नाही. तेथे घामही येत नाही. असे का बरे होते?

कातडीच्या वरच्या थराखाली कोलॅजन या प्रथिनाचे धागे असतात. बुरडाने टोपली विणावी तसे ते एकमेकांत गुंतलेले असतात. जखम खोल झाली, की जंतू आत शिरण्यापूर्वी खिंडार बुजवायचे असते. या घाईत पेशी नवे धागे बहुतेक एकाच दिशेने टाकतात. केसांची मुळे आणि घामाच्या ग्रंथी मात्र पुन्हा तयार होत नाहीत. पुढे वर्षभर किंवा अधिक काळ डागडुजी चालते; तरी त्या जागेची ताकद मूळच्या सुमारे ८० टक्क्यांपलीकडे जात नाही.

ही डागडुजी पुरती कधीच थांबत नाही. १७४० साली इंग्लंडहून निघालेल्या अ‍ॅन्सनच्या सफरीत खलाशांना स्कर्व्ही झाला. त्यांच्यातील एका म्हाताऱ्या सैनिकाची १६९० च्या लढाईतील, पन्नास वर्षांपूर्वी भरलेली जखम पुन्हा उघडली! कोलॅजनला लागणारे क जीवनसत्त्व आहारात नव्हते.

मग घरी काय करावे? खरचटलेली जागा साबण-पाण्याने धुवा, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या आणि स्वच्छ पट्टी बांधा. ‘उघडी ठेव, वाळू दे’ असे आजी सांगेल. पण झाकलेली, ओलसर जखम लवकर भरते, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरील प्रयोगांतून दाखवले. खपली उचकटू नका. जखम खोल किंवा मातीने माखलेली असेल, तर डॉक्टरांकडेच जा.

जखम पूर्ण भरल्यावर वणाला उन्हापासून जपा, नाही तर तो काळवंडतो. रोज हलके चोळल्याने तो मऊ पडू शकतो. उंचवटा आलेल्या वणावर सिलिकॉनची पट्टी दिवसातून बारा तास, दोन-तीन महिने लावतात. लिंबू मात्र चोळू नका. रस लागलेली कातडी उन्हात भाजल्यासारखी होते. वण मूळ जखमेच्या हद्दीबाहेर वाढू लागला तर तो कीलॉइड असू शकतो. तेथे घरगुती उपाय चालत नाहीत, आणि नुसता कापला तर तो बहुधा पुन्हा वाढतो.

नवा वण असेल, तर त्याचा रंग आणि लांबी वहीत लिहून ठेवा. दर महिन्याला पुन्हा पाहा.