भागीदार 'सायकोपॅथ' आहे का? प्रश्नच जरा बदलून बघू



भागीदारी मोडली की 'तो सायकोपॅथच होता हो' असं म्हणायची हल्ली पद्धत पडली आहे. आपल्या डोक्यात हे दिव्याच्या बटणासारखं असतं: माणूस सायकोपॅथ आहे, नाहीतर नाही. आज बरेच संशोधक मात्र याकडे पंख्याच्या रेग्युलेटरसारखं बघतात. थोडं, मध्यम, जास्त. आणि रेग्युलेटर एक नाही, अनेक.

कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांची तपासणी यादी प्रसिद्ध आहे. २० मुद्दे, प्रत्येकाला ० ते २ गुण, एकूण ४०. उत्तर अमेरिकेत साधारण ३० ला रेषा मारतात. पण मग २९ वाला साधू आणि ३० वाला सैतान का? रेषा सोयीसाठी असते. (आणि ही यादी प्रशिक्षित तज्ज्ञांनीच वापरायची. मेव्हण्याला गुण देत बसू नका!)

व्यक्तिमत्त्वाच्या पाच घटकांच्या मॉडेलमध्ये हे चित्र असं दिसतं: सौजन्य खूप कमी, जबाबदारीची जाणीव कमी. भावनिक अस्थिरतेत मात्र गंमत आहे. काळजी आणि संकोच कमी, पण राग आणि उतावीळपणा जास्त. सरासरी काढली तर माणूस 'नॉर्मल' दिसेल!

२००९ मध्ये ख्रिस्तोफर पॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी तीन भाग मांडले: धाडस, निष्ठुरता आणि बेलगामपणा. यातलं धाडस सायकोपॅथीत मोजावं की नाही, यावर तज्ज्ञांमध्येच वाद आहे. आपल्या कामाची गोष्ट नेमकी इथेच आहे. पहिल्या मीटिंगमध्ये आपल्याला दिसतं ते फक्त धाडस. न घाबरता बोलणं, मोठे आकडे, डोळ्यात डोळे घालून हसणं. आपण भाळतो. धाडस वाईट नाहीच, धंद्याला ते लागतंच. पण बाकीचे दोन रेग्युलेटर चहाच्या टेबलावर दिसत नाहीत. ते दिसतात जुन्या सप्लायरची उधारी कशी फेडली यात, काम सोडून गेलेल्या पोराचा शेवटचा पगार दिला का यात. तिथे जाऊन विचारा. एका माणसाचं ऐकून ठरवू नका, तीन-चार ठिकाणी तेच ऐकू येतंय का ते बघा.

हे एवढं कशाला? कारण भारतीय भागीदारी कायदा, १९३२ नुसार फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार वैयक्तिकरीत्याही जबाबदार असतो. त्याने फर्मच्या नावावर उचललेल्या मालाचे पैसे तुमच्या खिशातून जाऊ शकतात. म्हणून करारनामा लेखी करा आणि बँक खात्यावर दोघांच्या सह्या ठेवा, समोरचा कितीही गोड असला तरी.