गेटवरची पाटी बदलते तेव्हा : काय करावे, काय टाळावे

काय करावे

• आधी एकच प्रश्न विचारा : शेअर विकले की कारखाना विकला? फक्त शेअर विकले असतील तर मालक कंपनी कागदोपत्री तीच राहते आणि तुमचे नेमणूकपत्रही तसेच लागू राहते.

• उत्तर लेखी घ्या. ‘सगळं पूर्वीसारखंच राहील’ हे गेट मीटिंगमधले वाक्य पुढे कोणालाच आठवत नाही.

• नेमणूकपत्र, बढतीची पत्रे, शेवटचा वेतनकरार आणि सॅलरी स्लिपा घरी आणून ठेवा; ऑफिसचा ईमेल एका रात्रीत बंद होतो.

• आज करता ते काम तारखेसह लिहून काढा : कोणते मशीन, कोणती पाळी, कोणाच्या हाताखाली. काम बदलले हे दाखवायचे तर आधीचे काम दाखवता आले पाहिजे.

• हस्तांतराच्या पत्रात तीन गोष्टी शोधा : सेवा अखंड धरली आहे का, अटी पूर्वीपेक्षा कमी फायद्याच्या नाहीत ना, आणि पुढे कपात झालीच, तर भरपाई जुन्या नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मोजली जाईल का. तिन्ही असतील तर केवळ मालक बदलला म्हणून भरपाई मिळत नाही. एक जरी गळाली असेल तर औद्योगिक संबंध संहिता, २०२० चे कलम ७३ वापरा. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे.

• त्या भरपाईचा हिशेब स्वतः मांडा : सलग सेवा किमान एक वर्षाची हवी, मग एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. ग्रॅच्युइटी वेगळी मागा, दोन्ही रकमा एकत्र करू देऊ नका.

• पगार, भत्ते, कामाचे तास, पाळ्या, रजा, श्रेणी किंवा वर्षानुवर्षे चालत आलेली सवलत बदलत असेल तर कलम ४० ची २१ दिवसांची नोटीस मागा. कंपनीची बस आणि कॅन्टीनचा चहाही सवलतीत मोडू शकतो, हे मागायला लाजू नका.

• हरकत त्या २१ दिवसांतच लेखी द्या. नोटीस मिळाली म्हणजे बदल मान्य केला, असे होत नाही.

• नवे पत्र हातात आले की पोच देताना ‘मिळाले, अटी मान्य नाहीत, हक्क राखून’ असे लिहा आणि तारीख टाका.

• नवे मशीन किंवा रसायन हाताळायला सांगितले तर आधी प्रशिक्षण मागा, तेही लेखी.

• नव्या मालकाकडे जायचेच नसेल तर तसे कळवा. संमतीशिवाय कामगाराला दुसऱ्या व्यवस्थापनाखाली काम करायला लावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फिलिप्सच्या सॉल्ट लेक कारखान्याच्या प्रकरणात २०११ मध्ये म्हटले आहे.

• वीस किंवा अधिक कामगार असतील तर तक्रार निवारण समितीकडे अर्ज द्या, युनियनला प्रत द्या, आणि दोन्हींची पोच घ्या.

• नोकरीवरून काढले तर समेट अधिकाऱ्यांकडे अर्ज करा. ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही तर न्यायाधिकरणाकडे थेट जाता येते. मात्र काढल्यापासून दोन वर्षांच्या आत.

• पीएफचे पासबुक उघडून जुन्या मालकाचा शेवटचा भरणा तपासा, यूएएन तोच ठेवा.

काय टाळावे

• राजीनामा देऊ नका. ‘नुसती औपचारिकता आहे, उद्या नव्या कंपनीत जॉइन व्हा’ असे गोड बोलून पुढे केलेला कागद हाच असतो. चौदा वर्षांची नोकरी एका सहीने शून्यावर येऊ शकते आणि ग्रॅच्युइटीची पाच वर्षे नव्याने मोजायची वेळ येते.

• जुन्या माणसाने पुन्हा ‘प्रोबेशन’ स्वीकारू नये.

• कोऱ्या कागदावर किंवा मागची तारीख घातलेल्या कागदावर सही करू नका.

• ‘बाकी सगळ्यांनी सही केली’ यावर विश्वास ठेवू नका. बाकी सगळ्यांनाही तेच सांगितलेले असते.

• ‘फुल अँड फायनल’च्या पावतीतली ‘आता काही येणे नाही’ ही ओळ वाचल्याशिवाय पेन उचलू नका.

• रागाने घरी बसू नका. हजेरी लावा, काम मागा. गैरहजेरीचे ‘स्वतःहून नोकरी सोडली’ व्हायला वेळ लागत नाही.

• सगळ्यांनी मिळून एका दिवशी रजा टाकू नका. निम्मे किंवा अधिक कामगार ठरवून रजेवर गेले तर संहितेच्या दृष्टीने तो संपच, आणि संपाआधी १४ दिवसांची नोटीस लागते.

• ‘मॅनेजर’ पदनामावर हुरळू नका, घाबरूही नका. प्रत्यक्ष काम काय करता ते पाहिले जाते. खरेच व्यवस्थापन करत असाल, किंवा महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त पगारावर देखरेखीचे काम करत असाल, तर वरची कलमे तुम्हाला लागू नाहीत. नेमणूकपत्र वकिलाला दाखवा.

• हातात पैसे हवेत म्हणून पीएफ काढू नका. पाच वर्षांच्या आत काढला तर कर बसू शकतो, आणि पेन्शनची रक्कम उचलली तर दहा वर्षांची अट पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

• कंपनीची ड्रॉइंग्ज किंवा ग्राहकांच्या याद्या पुरावा म्हणून घरी नेऊ नका. फक्त स्वतःचे कागद न्या.

• व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नव्या साहेबांची नक्कल करू नका, स्क्रीनशॉट त्यांच्या टेबलावर तुमच्या आधी पोचतो.

• केबिनमध्ये एकटे बोलावले तर एकटे जाऊ नका. युनियनचा प्रतिनिधी किंवा निदान एक सहकारी सोबत मागा, आणि नाही म्हणाले तर बाहेर आल्याबरोबर काय बोलणे झाले ते वेळ घालून लिहून ठेवा.