घर आणि मतदारयादी : मुंबईचा एक अनुभव

मुंबई महानगरपालिकेच्या निवडणुकीत पाणी, रस्ते व गटारे यांच्या जोडीला घराचा प्रश्न हटकून निघतो. वस्तुतः घरबांधणीचे मुख्य अधिकार म्हाडा आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण या राज्य शासनाच्या संस्थांकडे आहेत. मग या निवडणुकीचा घराशी संबंध कोणता? माझ्या मते तो जाहीरनाम्यापेक्षा मतदारयादीत अधिक स्पष्ट दिसतो.

प्रथम थोडा इतिहास पाहू. १८८८ च्या कायद्यानुसार महापालिकेचे ७२ सभासद असत. त्यांपैकी ३६ करदात्यांनी निवडून द्यावयाचे. १९२२ मध्ये ठराविक भाडे भरणाऱ्यांनाही मताधिकार मिळाला. तथापि चाळीच्या एका खोलीत अनेकांसमवेत दाटीने राहणारा गिरणी कामगार बहुधा यादीबाहेरच राहिला. प्रौढ मताधिकाराने निवडणूक झाली ती १९४८ साली. तोपर्यंतचा नियम सरळ होता : घर असेल त्यास मत.

पुढे हा नियम उलटा झाला. १९७६ मध्ये शासनाने झोपड्यांची गणना करून ओळखपत्रे दिली. १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. परंतु पदपथावर वस्ती करण्याचा हक्क मान्य केला नाही. पर्यायी जागेचा दिलासा मिळाला तो गणनेतील ओळखपत्रधारकांना. १९९५ मध्ये मोफत घरांची योजना आली आणि पात्रतेसाठी १ जानेवारी १९९५ ही तारीख ठरली. नंतर ती १ जानेवारी २००० पर्यंत वाढविण्यात आली. त्यापूर्वीच्या वास्तव्याचा एक प्रमुख पुरावा म्हणजे मतदारयादीतील नाव. म्हणजे आता, मत असेल त्यास घर!

मी ज्या वस्तीत वाढलो, तेथे जुन्या यादीचा उतारा रेशनकार्डासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवतात. पावसाळ्यात पाणी शिरले की आधी ती पिशवी माळ्यावर जाते, मग धान्याचा डबा. नावनोंदणीसाठी माणूस आला त्या दिवशी घरातली बाई धुण्याभांड्याला गेली असेल, तर नाव राहून जाते आणि त्याची किंमत कित्येक वर्षांनी कळते. ‘झोपडपट्टी म्हणजे मतपेढी’ असे म्हणणाऱ्यांनी ही पिशवी एकदा पाहावी. तेथील माणूस मतदानाच्या रांगेत उभा राहतो, तेव्हा आपण या शहरात आहोत याची नोंदही तो जपत असतो.

परंतु या व्यवस्थेत मोठा दोष आहे. तारीख पुढे सरकविणे राजकारण्यांस सोपे. कमी भाड्याची घरे उभारणे कठीण. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतील सुमारे ५२ लाख लोक झोपडपट्टीत राहत होते. तारखेनंतर आलेला मजूर आणि झोपडीतील पोटभाडेकरू या योजनेत बसत नाहीत. त्यांचीच पुढे नवी वस्ती होते आणि नव्या तारखेची मागणी सुरू होते. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपून तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार चालला. त्या काळात यादीत नाव होते, पण गाऱ्हाणे सांगावयास नगरसेवक नव्हता.

प्रतिनिधी निवडण्यासाठी केलेल्या यादीवर निवाऱ्याचा भार टाकणे योग्य नव्हे. तो भार उतरेपर्यंत आपण विद्यार्थ्यांनी एवढे अवश्य करावे : अठरा वर्षे पूर्ण होताच स्वतःचे नाव नोंदवावे आणि शेजारच्या निरक्षर आजीचे नाव यादीत आहे ना, तेही पाहून यावे.