आधी पतंग, मग वाघचौरा

परभणी, ज्येष्ठ वद्य पंचमी

चि. मुक्ता,


मानवतच्या शेतात कालव्याच्या पाझराला वाघचौरा या ऑर्किडचे कंद लावायचं म्हणतेस. थांब जरा. वाघचौरा पाण्याचा खरा, पण चार महिन्यांच्या पाण्याचा. सह्याद्रीच्या माळावर पावसासोबत कोंब येतो, श्रावण-भाद्रपदात फुलतो आणि दिवाळीनंतर कंद कोरड्या मातीत झोपी जातो. त्या कालव्याला जायकवाडी धरणाचं आवर्तन नेमकं त्या झोपेत सुटतं. आपल्या काळ्या रानात ते पाणी लवकर निचरतही नाही. कंद सडेल.

हे मी भोगलेलं सांगतो. तुझ्या जन्माआधी घाटातून दोन कंद खणून आणले होते. ते करायला नको होतं. एक कुजला, दुसरा मुरमाच्या कुंडीत जगला, फुलला. रात्री अंगणभर वास! पण फुलं तशीच वाळली, बोंड धरलं नाही. त्या फुलामागे बोटाहून लांब नळी असते, मध तिच्या तळाशी. तिथवर पोचते ती हॉक मॉथची सोंड. हा पतंग हवेत तरंगत सोंड आत घालतो तेव्हा परागांचे पुंजके त्याला चिकटतात आणि पुढच्या फुलावर जातात. माझ्या फाटकावर रात्रभर दिवा, शेजारी कापसावर फवारणी, आणि दुसरं झाड तर कुठेच नाही. पतंग येणार कसा?

पुढच्या वर्षी काडीने मीच पराग लावले. बोंडातून धुळीसारखं बी निघालं, पण एकही रुजलं नाही. ऑर्किडच्या बियांत अन्नाचा साठा नसतो. मातीतली बुरशी भरवील तेव्हाच ते उगवतं. नोएल बर्नार्ड या फ्रेंच संशोधकाने हे १८९९ मध्ये ओळखलं. मला ते बी वाया घालवल्यावर कळलं.

म्हणून बाळा, आधी पतंग सांभाळ. तगर आणि कण्हेर लाव, बांधाला रताळ्याचा वेल सोड. हॉक मॉथच्या अळ्या या सगळ्यांवर वाढतात. पानं कुरतडलेली दिसली की फवारणीचा पंप उचलू नकोस. शेतातल्या आखाड्यावरचा दिवा रात्री मालव. डोंगरातून उपटलेला कंद कुणी फुकट दिला तरी घेऊ नकोस. रोपवाटिकेत बियांपासून वाढवलेला मिळाला, तर मात्र मुरूम घातलेल्या कुंडीत लाव आणि पानं पिवळी पडली की पाणी तोड.

श्रावणात तिन्हीसांजेला तगरीपाशी बसून बघ. कोण आलं, किती वेळ तरंगलं, सोंड किती लांब होती, ते मला सविस्तर लिही.

तुझा,
मामा