दुपारनंतरचं वादी रम

पहिलं सांगते ते हे, की सकाळची जीप ठरवू नकोस. जॉर्डनमध्ये पेट्राहून पहाटे निघायचं, दोन तासांत वादी रम गाठायचं, अर्ध्या दिवसात सिनेमांच्या जागा बघून दुपारच्या जेवणाला अकाब्यात, असा बेत तुमच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलाय म्हणालीस. बेत आटोपशीर आहे, पण सूर्य डोक्यावर आला की तिथले डोंगर पार निस्तेज दिसतात गं. ज्या लाल रंगासाठी एवढा खर्च करून जायचं, तो रंग भर उन्हात कुठेतरी दडून बसतो. वालुकाश्मातल्या लोहाच्या गंजाचा रंग तो. तिरपं ऊन पडलं की उठून येतो. म्हणून दुपारची जीप घे आणि मावळतीनंतर परत ये. तुम्ही डिसेंबरात चाललायत, तिथे तेव्हा साडेपाच-पावणेसहाला सूर्य जातो. दीडला निघालात की चार तास हातात राहतात, आणि अर्ध्या दिवसाची सहल म्हणजे तेवढीच असते.

आता मेहुण्यांबद्दल. तुझ्या नवऱ्याचं सिनेमाचं वेड मला काही नवीन नाही. पण त्यांना घरूनच सांगून ठेव, की तिथे सेट म्हणून काही बघायला मिळणार नाही. मोरोक्कोत किंवा ट्युनिशियात सिनेमासाठी उभारलेल्या भिंती, घरं अजून दाखवतात, तसं इथे नाही. दगड, वाळू आणि आभाळ, संपलं. ‘द मार्शियन’मधला मंगळावरचा तळ शोधत हिंडाल तर घुमटासारखे तंबू दिसतीलही, पण ते कॅम्पवाल्यांनी सिनेमा गाजल्यावर पाहुण्यांसाठी बांधलेत. लोक त्यांच्यापुढे उभं राहून फोटो काढतात आणि सिनेमाचा सेट म्हणून घरी पाठवतात. काढू देत बापडे.

दुसरं म्हणजे, कुठल्या सिनेमातलं काय खरंच तिथलं आहे, हे आधी माहीत असलं की चिडचिड होत नाही. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ घे. 1962चा, डेव्हिड लीनचा. त्यातले उंच कडे आणि त्यांच्यामधून चाललेल्या उंटांच्या रांगा वादी रमच्या आहेत. पण ओमर शरीफ मृगजळातून ठिपक्यासारखा येतो ना, विहिरीपाशी, तो प्रसंग वादी रमचा नव्हे. तो जॉर्डनमध्येच, पण अल् जफ्रच्या सपाट मातीवर घेतलाय, तिकडे तुमची जीप जाणार नाही. आणि सगळ्यात गंमत अकाब्याची. सिनेमात ज्या अकाब्यावर घोडे-उंट तुटून पडतात ते अख्खं शहर स्पेनमध्ये, आल्मेरियाच्या समुद्रकिनाऱ्यावर बांधलं होतं. खरं अकाबा वादी रमपासून तासाभरावर, तुम्ही दुसऱ्या दिवशी तिथेच मुक्कामाला, आणि मेहुणे किनाऱ्यावर उभे राहून तो हल्ला शोधत बसायचे. आधीच सांगून टाक.

‘ड्यून’चं तसंच. लाटांवर लाटा याव्यात तशा वाळूच्या टेकड्या आहेत ना त्यात, त्या अबू धाबीजवळच्या वाळवंटातल्या. वादी रमचे आहेत ते खडक, घळी आणि त्या सुळक्यांच्या सावल्या. तुझ्या लेकाला ‘ड्यून’ पाठ आहे म्हणतेस, तर तो पहिल्या दहा मिनिटांत विचारणार, वाळू कुठाय? वाळू आहे, एक मोठी लाल टेकडीही आहे चढायला, पण सगळीकडे नजर जाईल तिथे कडाच आडवा येतो. मला विचारशील तर हेच तिथलं खरं रूप. सिनेमावाल्यांनाही तेच हवं असतं. खाली पटांगणासारखी सपाट वाळू, तिच्यातून सरळ वर उठलेला दगड, मध्ये विजेचा खांब नाही, तार नाही, आणि तासाभरावर विमानतळ नि बंदर असलेलं शहर. जागा परग्रहासारखी, पण संध्याकाळी युनिटला हॉटेलात गरम पाणी मिळतं. म्हणून तर मंगळ म्हणा, ‘रोग वन’मधलं जेडा म्हणा, सगळे तिथेच येतात.

जाण्याआधी घरात एकच सिनेमा बघा, सगळे नकोत. ‘लॉरेन्स’ पावणेचार तासांचा आहे आणि त्यात बाईच्या तोंडी एक वाक्य नाही, सासूबाई अर्ध्यातच उठतील. हं, पण एक गोष्ट त्यांना सांग. वाळवंटात मागे पडलेला, लॉरेन्स ज्याला परत जाऊन घेऊन येतो तो गासिम, ते काम आय. एस. जोहरनं केलंय. आपला ‘जॉनी मेरा नाम’मधला जोहर! त्यांच्या पिढीला तो विनोदी नट म्हणूनच ठाऊक, त्यांना इथे तो बघून नवल वाटेल. मुलांबरोबर ‘द मार्शियन’ बघा. त्यात बटाटे आहेत, विनोद आहे, आणि बाहेरचं मंगळाचं दृश्य वादी रमचं आहे. आभाळाचा निळा रंग काढून तिथे तांबूस भरलाय, मुख्य बदल तो. तिथे पोचल्यावर मुलं आपोआप म्हणतात, अरे, हे तर निळं आहे!

आणि तू एकटी असशील त्या रात्री, सगळे झोपल्यावर, ‘आडुजीवितम्’ बघ. ब्लेसीचा मल्याळम सिनेमा, 2024 मध्ये आला. नोकरीसाठी सौदीला गेलेला केरळचा माणूस शेळ्या राखायला कसा वाळवंटात अडकतो, ती गोष्ट. त्यातल्या वाळवंटाचा बराच भाग वादी रमचा. आणि बघ कसं, 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा त्यातला नायक पृथ्वीराज आणि युनिटचे मिळून 58 लोक जॉर्डनमध्येच अडकून पडले होते, मे महिन्यात परत आले. लॉरेन्सच्या सिनेमात वाळवंट देखणं आहे, माणूस त्यात वीर होतो. इथे तेच कडे आहेत, तीच वाळू, पण पाण्याच्या घोटासाठी माणूस कासावीस झालेला. हा सिनेमा बघून गेलीस तर जीपमध्ये पाण्याच्या बाटल्यांचा खोका बघून तुला वेगळं वाटेल. मुलांना मात्र नको, फार जड आहे.

आता थांब्यांबद्दल. जीपवाला तुला सात-आठ थांब्यांची यादी देईल. तू चारच ठेव. जीप म्हणजे मागे बाक टाकलेला उघडा पिकअप असतो, वाळूत तो धक्के देत चालतो, आणि दर दहा मिनिटांनी उतरायचं-चढायचं म्हटलं की तासाभरात माणसं कंटाळतात. सासूबाईंना पुढे ड्रायव्हरशेजारी केबिनमध्ये बसव. त्या नको म्हणतील, मागची मजा घ्यायची म्हणतील, ऐकू नकोस. त्यांच्या कमरेचं दुखणं तुला-मला माहीत आहे.

मी पहिला काट मारेन तो ‘लॉरेन्सच्या झऱ्या’वर. बहुतेक जीपा ज्याला लॉरेन्सचा झरा म्हणून थांबतात, तो अैन अबू अैना. खऱ्या लॉरेन्सनं आपल्या पुस्तकात वर्णन केलेला झरा निराळा, अैन शलाला, गावामागे नबातियन देवळाच्या वरच्या अंगाला. जीपवाल्याच्या झऱ्याला दगडांवरून पंधरा-वीस मिनिटं चढून जायचं आणि वर बघायचं काय, तर खडकातून झिरपणारं पाणी आणि त्याच्या कडेला हिरवा पट्टा. खाली मात्र नळीनं आणलेलं पाणी एका हौदात पडतं, तिथे उंट येऊन पितात. ते बघ, फुकट आहे आणि चढायला लागत नाही.

खझालीची घळ मात्र चुकवू नकोस. डोंगराला उभी चीर पडलीय, आत दोन माणसं शेजारी चालू शकणार नाहीत अशी जागा, पायाखाली अरुंद कडा, कधी कधी मध्ये पाणी साठलेलं. भिंतीवर हात टेकत जायला लागतं. आणि तिथेच, हाताच्या उंचीवर, कोरलेली माणसं दिसतात, हरणं दिसतात, थमुदी आणि नबातियन लिपीतली अक्षरं दिसतात. मला सगळ्यात आवडली ती पावलं. जोडीजोडीनं कोरलेली पावलं, बोटंसुद्धा मोजता येतील अशी. आपल्याकडे लक्ष्मीची पावलं काढतात ना, पहिल्यांदा तेच डोक्यात येतं. कुणी, कशासाठी कोरली, ते गाइडला विचार; प्रत्येक गाइड वेगळं सांगतो, सगळी उत्तरं ऐकायला मजा येते. ही जागा कुठल्याही सिनेमाची नाही आणि तरी अर्ध्या दिवसातला चांगला अर्धा तास तिथेच जावा, असं माझं मत.

दगडी पुलांपैकी छोटा घे. मोठा, उम्म फ्रुथ, पंधरा मीटर उंच, वर चढायला दोर लागत नाही हे खरं, पण उतरताना पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही. लेकाला चढायचंच असेल तर गाइडला पुढे घालून पाठव आणि तू खाली उभी राहून ओरडू नकोस, त्याचं लक्ष जातं. छोटा पूल जेमतेम चार मीटर, त्यावर सगळे बसून फोटो काढा.

फोटोचं एक सांगते. सिनेमात वाळू कोरी दिसते, नाही का? ‘लॉरेन्स’च्या वेळी एक टेक झाला की पावलांच्या खुणा झाडून पुसाव्या लागायच्या. आता तर जीपांच्या चाकोऱ्या सगळीकडे. मेहुणे ड्रायव्हरला म्हणतील, गाडी त्या कोऱ्या वाळूवर घाल. घालू नका. हा संरक्षित भाग आहे, 2011 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आणि चाकाखाली तिथली खुरटी झुडपं मरतात. गाडी थांबवून शंभर पावलं चाला, कड्याच्या मागल्या बाजूला वाऱ्यानं साफ केलेली वाळू सापडते.

ड्रायव्हर बहुधा कोवळा पोरगा असेल, बदूंच्या गावातलाच. त्याला ‘मार्शियन कुठे झाला’ विचारशील तर तो समोर दिसेल तो डोंगर दाखवेल, आणि मनापासून दाखवेल. त्याऐवजी विचार, तुझ्या घरातलं कोण शूटिंगला होतं? मग बघ कसा खुलतो. तिथल्या कितीतरी लोकांनी युनिटच्या गाड्या चालवल्यात, सामान वाहिलंय, उंट पुरवलेत. त्यांच्या गोष्टींत हीरो फारसा नसतो, वाळूत रुतलेला ट्रक असतो, कुणाला किती पैसे मिळाले ते असतं.

संध्याकाळी तो काटक्या गोळा करेल, काळवंडलेली किटली ठेवेल आणि चहा करेल. दूध नाही, साखर मात्र आपल्या लग्नातल्यासारखी, वर सेजची पानं. छोट्या ग्लासात देतात, संपला की पुन्हा ओततात. नको असेल तर ग्लास हातानं झाकून थोडा हलवायचा, त्यांना कळतं. नाही म्हणत राहिलीस तर लाजतेय समजून ओततच राहतील.

आता जे मेहुण्यांसमोर बोलता येत नाही ते. स्वच्छतागृह आहे ते व्हिजिटर सेंटरपाशी, गावाच्या काही किलोमीटर अलीकडे. तिथे जाऊनच या, लागलेली नसली तरी. पुढे मग दगडाचा आडोसा. सासूबाईंसाठी एक मोठी ओढणी जवळ ठेव, आडोसा धरायला होते, उन्हाला होते, वाळू उडाली तर तोंडावर घ्यायला होते. कागद, ओले टिश्यू पिशवीत घालून परत आणायचे, तिथे टाकायचे नाहीत. तारखा जवळ असतील तर गोळ्या-बिळ्यांच्या भानगडीत न पडता सरळ काळी सलवार घाल. आणि स्वेटर! मुंबईच्या थंडीच्या हिशेबानं नेशील तर कुडकुडशील. सूर्य गेला की उघड्या जीपमध्ये वारा हाडात शिरतो.

पैशांचं बघ. जॉर्डन पास इथूनच, निघण्याआधी ऑनलाइन काढ. सर्वांत स्वस्त पास 70 दिनारचा आहे. व्हिसाचे 40 दिनार त्यात माफ होतात, अट एवढीच की देशात निदान तीन रात्री राहायचं. पेट्राचं एका दिवसाचं तिकीट 50 दिनार, तेही त्यातच. वादी रमचं 5 दिनारचं प्रवेशशुल्कही त्यातच. म्हणजे हिशेब तूच कर. जीपचं भाडं मात्र वेगळं, आणि ते माणशी आहे की गाडीमागे, हे लिहून घे. दिनार शंभर रुपयांहून महाग आहे, तोंडी बोलण्यात पाच-दहा इकडेतिकडे झाले की घरी परतल्यावर बोचतं.

उंट मुलांना अर्धा तास पुरे. लॉरेन्स झालेल्या पीटर ओ’टूलला शूटिंगमध्ये खोगिरावर बसवेना, तेव्हा त्यानं खाली स्पंज घातला होता, आणि बदूंनी त्याचं नाव ‘स्पंजचा बाप’ ठेवलं असं सांगतात. पुढे त्यांनीही स्पंज घेतला म्हणे. तुमच्या उंटावर असेलच याची खात्री नाही, तेव्हा शाल चौघडी करून खाली घाल, आणि उंट उठताना मागे रेल, कारण तो आधी मागचे पाय उचलतो.