कातडी सोलण्याचं चित्र न्यायसभेत कशाला?

प्रश्न : मुलीकडे बेल्जियमला गेलो होतो, तेव्हा ब्रूजचं ग्रूनिंगे म्युझियम पाहिलं. मेरी आणि बाळ येशूची शांत चित्रं बघत असताना अचानक एका माणसाला जिवंत सोलतानाचं भलंमोठं चित्र समोर आलं. आमची मंडळी तर तिथे क्षणभरही थांबली नाही. असलं चित्र कुणी आणि कशासाठी काढून घेतलं असेल?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही पाहिलंत ते जेरार्ड डेव्हिडचं ‘कॅम्बायसिसचा न्याय’. ती खरं तर दोन चित्रांची जोडी आहे, ओकच्या फळ्यांवर तैलरंगात केलेली. १४९८ साली ती पुरी झाली. काढून घेतली ब्रूजच्या कारभाऱ्यांनीच, आणि लावली नगरभवनात, शहराचे पंच न्यायदानाला बसत त्या दालनात. म्हणजे ती तुमच्या-माझ्यासाठी नव्हतीच. निकाल देणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे असावीत, एवढ्यासाठी ती होती.

गोष्ट ग्रीक इतिहासकार हिरोडोटसची. सिसाम्नेस या पर्शियन न्यायाधीशानं पैसे खाऊन अन्यायाचा निकाल दिला. राजा कॅम्बायसिसनं त्याला सोलून काढलं, त्या कातड्याच्या पट्ट्यांनी न्यायासन मढवलं आणि त्यावर त्याच्याच मुलाला, ओटानेसला, न्यायाधीश म्हणून बसवलं. वर बजावलं, कुठे बसून निकाल देतोयस ते लक्षात ठेव. आपण न्यायाधीशांसमोर रामशास्त्र्यांचा आदर्श ठेवतो. ब्रूजकरांनी धाक पसंत केला. कोणता उपाय जास्त लागू पडतो, ते सांगणं अवघड आहे.

पुन्हा गेलात तर डावीकडच्या चित्रापासून सुरुवात करा. राजा बोटांवर मोजत गुन्हे सांगतोय, एकानं न्यायाधीशाचा दंड धरलाय. आता नजर मागे न्या. दूर एका घराच्या दाराशी पैशांची थैली हातोहात जातेय. सगळ्या प्रकरणाचं मूळ ते, आणि डेव्हिडनं ते इतकं बारीक काढलंय की घाईतल्या माणसाला दिसूच नये. लाच तशीच घेतली जाते! माणसांचे कपडे पर्शियाचे नाहीत, चित्रकाराच्या काळातल्या ब्रूजचे आहेत. पंचांना दुसऱ्या कुणाची गोष्ट म्हणून सुटका नव्हती.

उजवीकडे सोलणाऱ्यांपैकी एकानं सुरी दातांत धरलीय, कारण पायाचं कातडं ओढायला त्याला दोन्ही हात हवेत. न्यायाधीशाचा लाल झगा टेबलाखाली पडलाय. भोवतीच्या बघ्यांचे चेहरे मात्र निर्विकार, कंटाळलेलेच म्हणा ना. मला रक्तापेक्षा ते चेहरे भयंकर वाटतात. आणि वर कोपऱ्यात मुलगा त्या आसनावर बसलाय, पाठीशी बापाचं कातडं.

म्युझियममध्ये चित्रांची मूळ भिंत हरवते, म्हणून असा धक्का बसतो. याच संग्रहातलं यान व्हान आइकचं १४३६ चं चित्र घ्या. मेरीपुढे म्हातारा धर्माधिकारी व्हान डर पाले गुडघे टेकून बसलाय, हातात चष्मा, कपाळाच्या कडेला फुगलेल्या शिरा. बाळाच्या मांडीवर हिरवा पोपट. सेंट जॉर्जच्या ढालीत एका माणसाचं इवलंसं प्रतिबिंब आहे, तो स्वतः चित्रकार असावा असं मानतात. हे चित्र सेंट डोनेशनच्या चर्चसाठी होतं. फ्रेंचांनी १७९४ साली ते पॅरिसला नेलं. १८१६ मध्ये चित्र परत आलं, पण तोवर चर्चच पाडून टाकलेलं होतं.

ते चर्च होतं बुर्ग चौकात, नगरभवनासमोर. म्युझियमपासून पायी दहा मिनिटांवर. नगरभवन उभं आहे, चर्चच्या जागी हॉटेल आहे आणि त्याच्या तळघरात जुने अवशेष. आधी चित्रं पाहून मग तिथे जावं, असं माझं मत. बहुतेक प्रवासी कंपन्या चौक दाखवतात आणि म्युझियम गाळतात.

आज मूळ जागी असलेलं चित्र बघायचं असेल, तर जवळच्या एकेकाळच्या सेंट जॉन रुग्णालयात चला. तिथलं हान्स मेमलिंगचं वेदीचित्र १४७९ चं, त्या रुग्णालयासाठीच केलेलं आणि आजही तिथेच आहे. मेमलिंग सौम्य म्हणून प्रसिद्ध, पण त्यातल्या डाव्या फळीवर बाप्तिस्मा देणाऱ्या जॉनचं मुंडकं तबकात पडतंय, एवढं आधीच सांगून ठेवतो.