यूविना क्यू

प्रश्न : स्क्रॅबलमध्ये क्यू हाती आला, पण यू नसला, तर शब्द कसे शोधावेत?

उत्तर : याद्या घोकण्याआधी शब्दाचे मूळ पाहा. इंग्रजीत क्यूमागे यू येतो तो लॅटिन-फ्रेंच वळणामुळे. अरबी ‘काफ’साठी मात्र बरेचदा एकटा क्यू लिहितात. म्हणून फकीर, तलाक, कव्वाली हे आपल्या कानावरचे शब्द कॉलिन्सच्या स्क्रॅबल यादीत यूविना सापडतात, ही मराठी खेळाडूची मोठीच सोय! चिनी ‘ची’ तर सर्वांत उपयोगी : क्यू आणि आय, दोनच अक्षरे, आणि एकट्या क्यूचे 10 गुण. मूळ नेहमीच वाट दाखवत नाही, हा आक्षेप रास्त आहे. कॉफीचे मूळही अरबी ‘कहवा’, तरी इंग्रजीत ती सीनेच सुरू होते. त्यामुळे मुळावरून अंदाज बांधावा आणि सराव करतानाच तो यादीत पडताळावा.